गोव्यात मातीच्या न भाजलेल्या विटा कशा पाडाव्यात

सिमेंटच्या भट्टीतून बाहेर पडणारा निम्म्याहून अधिक कार्बन डायऑक्साइड इंधनाचा नसतो, तापलेल्या चुनखडीचा असतो. इंधन कितीही स्वच्छ केले तरी तो निघतोच. दाबून केलेल्या मातीच्या विटेत सिमेंट वजनाच्या ५ ते ८ टक्केच पडते आणि ती भाजावी लागत नाही.

सगळ्यात जास्त वेळ मातीच्या परीक्षेला द्या. पायासाठी किंवा विहिरीसाठी खणलेली माती उत्तम. तिच्यासाठी डोंगर कापू नका, त्याला परवानगी लागते. वरची काळपट, पालापाचोळ्याची माती बाजूला सारा आणि खालची तांबडी घ्या. खाजनातली, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातली नकोच, ती खारट असते. काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून खळखळून हलवा. दुसऱ्या दिवशी तळाशी खडी-वाळू, मध्ये गाळ, वर चिकणमाती असे थर दिसतील. खडी-वाळू दोन तृतीयांशाच्या आसपास आणि चिकणमाती पाचवा हिस्सा असेल तर सिमेंट चालते. चिकणमाती तिसऱ्या हिश्शापर्यंत गेली तर वाळू मिसळा, नाहीतर सिमेंटऐवजी चुना घ्या.

माती चाळून सिमेंट कोरडेच मिसळा, मग पाणी शिंपडा. गोळा वळून कमरेच्या उंचीवरून टाका. चार-पाच तुकडे झाले तर पाणी बरोबर. भुगा झाला तर कमी, पसरला तर जास्त. अर्ध्या तासात संपेल एवढेच कालवा. हातयंत्रात दाबलेल्या विटा सावलीत, ताडपत्रीखाली चार आठवडे ओल्या ठेवा. त्यानंतर एक वीट रात्रभर पाण्यात बुडवा. कडा सुटल्या तर तो घाणा, म्हणजे त्याच कालवणाच्या सगळ्या विटा, भिंतीला वापरू नका.

दिवाळीनंतर सुरुवात केली की छप्पर पावसाआधी चढते. जोते मात्र चिऱ्याचेच (जांभ्या दगडाचेच) हवे, जमिनीपासून दीड-दोन फूट वर, आणि वळचण निदान दोन फूट बाहेर. सांध्यांना तीच माती, सिमेंट थोडे वाढवून. वर मजला चढवायचा असेल तर आधी इंजिनिअरला दाखवा.

बाहेरून सिमेंटचा गिलावा मारण्याचा गवंडी आग्रह धरील. ऐकू नका, ओल आत कोंडते आणि पापुद्रे सुटतात. चुन्याचा गिलावा द्या. इथल्या जुन्या घरांना शिंपल्यांचा चुना असायचा.