पुठ्ठ्याची जुनी ख्रिसमस घरं ठाण्याच्या दमट हवेत कशी टिकवायची

दिवाळीत किल्ल्याभोवती आपण गाव मांडतो ना, तसं अमेरिकेत ख्रिसमस ट्रीखाली मांडतात. त्यातली 1920-30 च्या सुमारास जपानमध्ये बनलेली पुठ्ठ्याची घरं जमवायला खरी मजा येते. डिपार्टमेंट 56 या अमेरिकन कंपनीची 1976 पासूनची सिरॅमिकची घरं पण छान, पण ती फुटली तर चिकटवायची, विषय संपला. पुठ्ठा आपल्याकडे जुलैत मऊच पडतो, बुरशी आणि कसर वेगळी.

घेताना घर आधी उलटं करून बघा. तळाला जपानचा ठप्पा शोधा, 'ऑक्युपाइड जपान' असेल तर ते युद्धानंतरचं, 1952 पर्यंतच्या काळातलं. मागे बल्बसाठी गोल भोक असतं. मग नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च मारा, हल्लीचा पांढरा कागद बहुतेक वेळा निळसर चमकतो, 1950 च्या आधीचा तसा चमकत नाही, म्हणजे मधे कोणी काय डागडुजी करून ठेवलीय ते लगेच दिसतं. कुबट वास आला तर बाकीच्या घरांपासून लांब ठेवा.

साफ करताना पाणी अजिबात नको, ओला कपडा पण नको, रंग आणि चमकी दोन्ही निघून येतात. सुका मऊ ब्रश घ्या आणि फक्त भिंतींवरून फिरवा. छपरावरचा बर्फ अर्धा झडला असेल तर राहू द्या हो, नवीन ग्लिटर टाकलं की घर लग्नाच्या स्टेजसारखं दिसतं! अगदीच उघडं पडलं असेल तर थोडा अभ्रकाचा चुरा लावा.

खिडक्यांना आकाशकंदिलाचा लाल-पिवळा जिलेटिन पेपर चालतो, जांभळी नाक्याला मिळून जाईल, आतून लावायचा. चिकटवायला मैद्याची पातळ खळ, अगदी थोडी, कारण ती पुढे ओलसर करून सोडवता येते, फेविकॉल एकदा बसला की पुठ्ठाच फाटतो. खळीवर कसर येते म्हणून जास्तीची लगेच पुसा. अंगणातली जुनी झाडं लूफाची असतात, म्हणजे आपलं घोसाळंच, वाळलेली जाळी कापून हिरवी रंगवली की झालं.

सोबत जुनी बल्बची माळ आली तर आपल्या 230 व्होल्टच्या सॉकेटला लावू नका, ती 120 ची असते. आत बॅटरीवरचा छोटा एलईडी ठेवा, तापत पण नाही.

हे सगळं ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात उरका, पावसात खळ वाळायच्या आधीच बुरशी धरते. जानेवारीत घरं परत ठेवताना प्रत्येक घर पांढऱ्या टिश्यूत गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, आणि डबा बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको, ती भिंत पावसाळ्यात ओल धरते.