नवी ऑफ-रोडर घेतली? अलार्मच्या बाबतीत या चुका टाळा

थार, जिम्नी, गुरखा, नाहीतर कोणाची वापरलेली जीप. गाडी दारात आली की आपल्याकडे पुढचा क्रम ठरलेला असतो. पूजा, नारळ, गावाकडे एक चक्कर आणि तिथून थेट अ‍ॅक्सेसरीजचं दुकान. लोखंडी बंपर, एलईडी बार, मोठे टायर, सगळं आठ दिवसांत. अलार्मकडे मात्र कोणी बघत नाही, तो रात्री दोन वाजता बोंबलेपर्यंत. मग निकाल तयार असतो : "अलार्म खराब आहे, काढून टाका."

अलार्म बहुतेक वेळा खराब नसतो. कुठलं तरी दार नीट लागलेलं नसतं, बॉनेटचं स्विच मातीने अडकलेलं असतं किंवा बॅटरी उतरलेली असते, आणि तो तेच सांगत असतो. कारण शोधायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास द्यायची तयारी नसते, खरी अडचण ती आहे.

अलार्म आणि इमोबिलायझर एकच समजणं

दोन्ही वेगळे आहेत. इमोबिलायझर चावीतल्या चिपकडे बघतो. चिप ओळखली नाही तर इंजिन सुरू होऊ देत नाही. त्याला सायरनशी देणंघेणं नाही. अलार्म दारं, बॉनेट, डिक्की आणि असलाच तर धक्क्याचा सेन्सर बघतो. म्हणून रिमोटचा सेल संपला तरी इंजिन सुरू होऊ शकतं, कारण चिपला सेल लागत नाही. बटण-स्टार्ट गाडीत चावी सांगितलेल्या जागी, बहुतेक वेळा स्टार्ट बटणालाच, टेकवून धरायची. आणि बाजारातून करून आणलेली बिनचिपची चावी दार उघडेल, पण गाडी सुरू करणार नाही. ती चावी घेऊन म्हैसमाळला गेलात आणि मूळ चावी हरवली, तर गाडी टोइंग करूनच खाली येईल.

पहिल्या आठवड्यात अलार्म मुद्दाम वाजवून न बघणं

दिवसा, मोकळ्या जागेत, शेजाऱ्यांना सांगून हे करा. ड्रायव्हरची काच पूर्ण खाली घ्या. उतरा, सगळी दारं लावा, रिमोटने लॉक करा. इंडिकेटर किती वेळा चमकले आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा कसा लुकलुकतो, ते लक्षात ठेवा. एक मिनिट थांबा, कारण बऱ्याच गाड्यांत अलार्म लगेच सज्ज होत नाही. मग खिडकीतून हात घालून आतल्या कडीने दार उघडा. वाजला पाहिजे. आत हालचाल ओळखणारा सेन्सर असेल तर हात घातल्याबरोबरच वाजेल.

रिमोटने बंद करा आणि हीच परीक्षा प्रत्येक दाराची घ्या, मग बॉनेटच्या लिव्हरची, मग मागच्या दाराची. तीन दारांच्या थारमध्ये मागची काच वर उघडते आणि खालचं फाटक बाजूला, तेव्हा दोन्ही वेगवेगळी तपासा. जिथे वाजला नाही तिथलं स्विच गेलेलं आहे, नाहीतर तुमच्या व्हेरिएंटमध्ये तिथे स्विचच दिलेलं नाही. दोन्हींपैकी काय, ते मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

शेवटी रिमोटने लॉक करून दार चावीच्या पात्याने उघडा. अनेक गाड्यांत सायरन सुरू होतो आणि लोक घाबरतात. हा बिघाड नाही. रिमोटने लावलेला अलार्म नुसत्या पात्याने उतरत नाही, ओळखीची चावी लावून इग्निशन चालू केलं की तो गप्प बसतो. हे घरी एकदा करून बघितलेलं असलं, म्हणजे रिमोटचा सेल परभणीच्या भर बाजारात संपला तरी घाम फुटत नाही. हेच सगळं दुसऱ्या चावीनेही करा.

आणखी एक : रिमोटने अनलॉक केल्यावर साधारण अर्ध्या मिनिटात दार उघडलं नाही तर बऱ्याच गाड्या आपोआप पुन्हा लॉक होतात. "मी उघडून ठेवली होती, आपोआप कशी लागली?" याचं उत्तर हे.

रात्री वाजतो म्हणून सेन्सरच बंद करणं

बंद करण्याआधी या क्रमाने शोधा.

पहिलं, स्टेपनीचं दार. ऑफ-रोडरची स्टेपनी मागच्या दारावर टांगलेली असते. त्यात मोठा टायर आणि जड रिम टाकला की बिजागऱ्यांवर कायमचा भार येतो. गंगाखेड-पालम बाजूच्या आतल्या रस्त्यांवर वर्षभर फिरल्यावर दार दोन-तीन मिलिमीटर खाली बसतं. बघायला लागलेलं दिसतं, पण कुलपाच्या आतलं स्विच काठावर असतं. रात्री गार पडलं, पत्रा आकसला, की गाडीला दार उघडल्यासारखं वाटतं. तपासायची रीत सोपी आहे : आतला दिवा 'दार' या खुणेवर ठेवा, मागचं दार लावा आणि बाहेरून स्टेपनी धरून जोर लावून हलवा. आतला दिवा किंवा डॅशबोर्डवरची दाराची खूण क्षणभर जरी पेटली, तरी चोर सापडला. चौकटीवरचा कडीचा खिळा सैल करून दार नीट बसेल असा सरकवा, बिजागऱ्यांचे बोल्ट कसा. रबरी बफर झिजले असतील तर बदला.

दुसरं, बॉनेटचं स्विच. बहुतेक गाड्यांत ते बॉनेटच्या कुलपात किंवा कडेला छोट्या दट्ट्यासारखं असतं. उन्हाळ्यात फुफाटा आणि पावसाळ्यात काळी माती, दोन्ही त्यात जाऊन बसतात. काळी माती वाळली की सिमेंटसारखी होते आणि दट्ट्या अर्ध्यावर अडकतो. जुन्या दातांच्या ब्रशने माती काढा, इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पाच-सहा वेळा दाबून सोडा. ग्रीस लावू नका, पुढच्या फेरीत तेच ग्रीस धूळ धरतं. बाजारातलं फायबरचं किंवा हवेच्या खाचांचं बॉनेट बसवलं असेल, तर ते दट्ट्यापर्यंत पोचतं का ते आधी बघा. कित्येकदा पोचतच नाही.

तिसरं, बाहेरून बसवलेल्या अलार्मचा धक्क्याचा सेन्सर. दुकानदार तो डॅशबोर्डच्या आत दुहेरी टेपने चिकटवतो. दोन मिनिटांचं काम. मराठवाड्यात मे महिन्यात बाहेरच बेचाळीस-त्रेचाळीस अंश असतात, बंद गाडीच्या डॅशबोर्डखाली त्याहून कितीतरी जास्त. टेपचा गोंद पातळ होतो, सेन्सर वायरवर लोंबकळतो आणि डीजेच्या ठोक्यालाही वाजतो. सेन्सर धातूच्या पट्टीला स्क्रूने किंवा दोन केबल-टायने घट्ट बांधून घ्या, प्लास्टिकला नको. मग त्यावरचा बारीक स्क्रू सगळ्यात कमीवर नेऊन थोडा थोडा वाढवा. बंद मुठीने दाराच्या खांबावर ठोकल्यावर वाजावा आणि तळहाताने थापटल्यावर वाजू नये, तिथे थांबा. छताचा किंवा कॅनव्हासचा भाग काढून गाडी उभी करणार असाल, तर आतल्या हालचालीचा सेन्सर तेवढ्यापुरता बंद करायची सोय असली तर वापरा. वाऱ्याने तो वाजणारच.

दुकानातला "इंजिन कट" विचार न करता बसवणं

"इंजिन कट" म्हणजे चोराला गाडी नेता येऊ नये म्हणून इंजिनची वायर तोडणारी जोडणी. अलार्ममधली सगळ्यात धोकादायक चूक ही, आणि ती सगळ्यात जास्त हौसेने केली जाते.

एका वापरलेल्या डिझेल जीपचा प्रकार सांगतो. आधीच्या मालकाने स्वस्तातला अलार्म बसवला होता. गाडी चालता चालता बंद पडायची, पाच-दहा मिनिटांनी पुन्हा सुरू व्हायची. नव्या मालकाने डिझेल फिल्टर बदलला, मग पंप तपासला, मग इंजेक्टर सोडले. खर्च वाढत गेला, दोष तसाच. एकदा ती कन्नडच्या औट्रम घाटात, उतारावर, भरल्या गाडीनिशी बंद पडली. इंजिन बंद झालं की ब्रेकची मदत एक-दोन दाबांपुरतीच उरते आणि स्टिअरिंग दगडासारखं होतं. खालच्या गिअरमध्ये होती म्हणून गाडी आटोक्यात राहिली.

ड्रायव्हरच्या पायाजवळचं प्लास्टिक उघडल्यावर कारण दिसलं. अलार्मवाल्याने इंजिन चालू ठेवणारी इग्निशनची वायर कापून तिच्यात रिले, म्हणजे विजेवर चालणारं छोटं स्विच, घातला होता. जोड नुसते पिळलेले, वर काळी टेप. उन्हाने टेप सुटून खाली घसरलेली, आणि सैल जोड तापून तापून रिलेच्या सॉकेटचं प्लास्टिक तपकिरी पडलेलं. गाडी गरम झाली की जोड सुटायचा, थंड झाली की चिकटायचा. पन्नास रुपयांच्या रिलेपायी अर्धं इंजिन उघडलं होतं.

म्हणून, इंजिन चालू ठेवणारी कोणतीही वायर अलार्मच्या रिलेतून नेऊ द्यायची नाही. इंधन पंपाची नाही, इग्निशनची नाही. साध्या चावीच्या गाडीत कट करायचाच असेल तर फक्त स्टार्टरची सिग्नल वायर कट करा. रिले बिघडला तर गाडी सुरू होणार नाही, पण चालती गाडी कधीच बंद पडणार नाही.

जोडणीही बघून घ्या. पाच पायांचा रिले हवा. कापलेल्या वायरची दोन टोकं ३० आणि ८७ए या आकड्यांच्या पायांवर. कॉइलचा एक पाय, ८६, इग्निशनच्या बारा व्होल्टवर आणि दुसरा, ८५, अलार्मच्या मॉड्यूलकडे. अलार्म सज्ज असताना मॉड्यूल त्या पायाला अर्थिंग (बॅटरीची निगेटिव्ह बाजू) देतं. असं केलं की मॉड्यूल जळलं तरी सहसा स्टार्टर चालतो आणि गाडी उभी असताना कॉइल करंट खात नाही. कॉइल थेट बॅटरीला जोडली तर लॉक केलेली गाडी फक्त त्या रिलेपायी साधारण १५० मिलिअँपिअर घेत राहते, म्हणजे दिवसाला साडेतीन अँपिअर-तास. साठची बॅटरी आठ-नऊ दिवसांत निम्मी. जोड डाग देऊन आणि वर हीट-श्रिंक नळी चढवूनच घ्या. चिमट्याने दाबायच्या निळ्या क्लिपा खडबडीत रस्त्यावर टिकत नाहीत.

बटण-स्टार्टच्या नव्या गाडीत मात्र एकही वायर कापू देऊ नका. वायर न कापता मूळ प्लगमध्येच जोडला जाणारा, कपलर-टू-कपलर सेट मिळत नसेल, तर कंपनीचा आहे तो अलार्म पुरे. वॉरंटीतला विद्युत बिघाड कापलेल्या वायरीपाशी येऊन अडतो.

बॅटरी न मोजता अलार्मला दोष देणं

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीवर मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. बाराच्या खाली अलार्म वेडंवाकडं वागणारच.

रोज उतरत असेल तर गळती, म्हणजे बंद गाडी खाते तो करंट, मोजा. बॉनेट उघडून त्याचं कुलूप पेचकसाने लागलेल्या स्थितीत आणा, गाडी लॉक करा, चावी लांब ठेवा. मीटर दहा अँपिअरवर ठेवून बॅटरीचा निगेटिव्ह आणि त्याची काढलेली वायर यांच्यामध्ये जोडा. लगेच आकडा वाचू नका. गाडीतले कॉम्प्युटर झोपायला अर्धा-पाऊण तास लागतो, आणि घाई करणारे नेमके इथेच फसतात. त्यानंतर ५० मिलिअँपिअरपर्यंत ठीक. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्याने आकडा पडला, दोष त्या वाटेवर. मीटर जोडलेलं असताना स्टार्टर मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल. बहुतेक वेळा गुन्हेगार निघतो तो डॅशकॅम, जीपीएस किंवा थेट बॅटरीला जोडलेला एलईडी बार.

आणि या छोट्या, पण महागात पडणाऱ्या

बॅटरी जोडताना चावी गाडीत ठेवू नका. वीज परत आल्यावर दारं लॉक होऊ शकतात.

जंप-स्टार्टला ट्रॅक्टरची बारा व्होल्टची बॅटरी चालते. हायवा किंवा मोठ्या ट्रकची जोडी बहुधा चोवीस व्होल्टची असते, ती लावली तर अलार्मसकट कॉम्प्युटर जाईल.

बंपर किंवा कॅरिअरचं वेल्डिंग गाडीवरच करायचं असेल तर आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा.

वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा फवारा बॉनेटच्या कुलपात आणि दारांच्या कुलपांत थेट मारू देऊ नका, आणि खालून डिझेल मारून घ्यायची जुनी सवय सोडा. डिझेलने वायरिंगची रबरं फुगतात.

एकाच कडीत दोन चिपच्या चाव्या नकोत. एकीची चिप दुसरीच्या वाचनात अडथळा आणते.

रिमोटचा सेल, बहुतेक सीआर २०३२, वर्षातून एकदा बदला. पोरांना रिमोट खेळायला देऊ नका. गाडीपासून लांब फार वेळा दाबला तर रिमोट आणि गाडी यांच्यातली कोडची साखळी तुटते आणि गाडी रिमोट ओळखत नाही.

दुसरी चावी न मागणं

वापरलेली गाडी घेताना लोक टायर, चेसिस, टर्बो सगळं बघतात आणि एकाच चावीवर व्यवहार करतात. दुसरी चावी विकणाऱ्याकडे, त्याच्या भाच्याकडे नाहीतर मधल्या एजंटाकडे राहते. चोरीचा दावा केल्यावर विमा कंपनी सगळ्या मूळ चाव्या मागते, आणि एक कमी असली की प्रश्न सुरू होतात. दोन्ही चाव्या हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. एक खरोखरच हरवली असेल तर विकणाऱ्याकडून तसं लिहून घ्या, पोलिसांत हरवल्याची नोंद करायला लावा आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जुन्या चाव्या गाडीच्या स्मृतीतून पुसून नव्या दोन नोंदवून घ्या. बिल आणि नोंदीची पावती गाडीत ठेवू नका, घरी ठेवा. दुसरी चावीही घरीच, डॅशबोर्डच्या कप्प्यात नाही.