दुकानदार असलेल्या माजी आमदाराचं चरित्र कसं जुळवायचं

आधी एक सांगतो, सुरुवात कार्यकर्त्यांच्या मुलाखतींनी करू नका. ते भरभरून बोलतात पण सालं सगळी पुढेमागे होतात, आणि एकदा चुकीचं साल कानात बसलं की निघत नाही. पहिल्यांदा निवडणूक आयोगाचे जुने निकाल काढा, तिथे मतं, पक्ष, विरोधी उमेदवार सगळं मिळतं. फक्त मतदारसंघाचं नाव जपून बघा, 1962 ला महाराष्ट्रात 264 जागा होत्या, 1967 ला 270, 1978 पासून 288, आणि 2009 ला परत नवी रचना आली, त्यामुळे आजच्या नावाने शोधलं तर माणूस सापडतच नाही कधी कधी.

मग विधानसभेचं कामकाज. तारांकित प्रश्न (ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात), लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना), अर्धा तास चर्चा यात त्यांचं नाव शोधा. माणूस वारलेला असेल तर सभागृहातला शोकप्रस्ताव नक्की वाचा, जन्म, शिक्षण, पदं एकाच जागी मिळतात. त्यात गोड गोडच असतं सगळं, पण सांगाडा तयार होतो.

आता खरा खजिना, दुकानाच्या वह्या! रोजमेळ (रोजच्या जमाखर्चाची वही), खतावणी (प्रत्येकाचं खातं वेगळं मांडलेली वही), उधारीची वही, गुमास्ता लायसन्स म्हणजे दुकानाच्या नोंदणीचा कागद, जे घरच्यांनी माळ्यावर टाकलं असेल ते मागा. हिवाळी अधिवेशन नागपूरला असतं, तर त्या तारखा घ्या आणि रोजमेळाची तीच पानं उघडा, अक्षर बदललेलं दिसलं तर गल्ल्यावर तेव्हा कोण बसायचं ते विचारा, बायको, भाऊ की नोकर. आमदारकी कोणाच्या जीवावर चालली ते तिथे कळतं आणि माझ्या मते त्या माणसाला चरित्रात स्वतंत्र प्रकरण द्यायलाच हवं. उधारी बघताना निवडणुकीच्या वर्षी ती वाढली का, नंतर वसूल झाली का तेही बघा, पण गिऱ्हाइकांची नावं छापू नका हं, त्यांची नातवंडं गावातच असतात.

2004 नंतर उभे राहिले असतील तर प्रतिज्ञापत्रात मालमत्ता, कर्ज, गुन्हे सगळं असतं, त्याआधीच्यांसाठी वह्यांवरच भिस्त.

एवढं हातात आलं की मग कार्यकर्त्यांकडे जा, वही समोर ठेवा आणि तारीख वाचून दाखवा, आठवणी आपोआप जागेवर यायला लागतात. हरलेल्या उमेदवाराच्या घरीही जाच.