ड्रकार न्वार की कूरोस? निवडताना या चुका टाळा

पुरुषांचे हे दोन जुने, गाजलेले परफ्यूम. ईव्ह सां लोराँचा कूरोस आला १९८१ मध्ये, गी लारोशचा ड्रकार न्वार १९८२ मध्ये. एक पांढऱ्या बाटलीत, दुसरा काळ्या. दोन्ही दणदणीत, आणि दोन्ही घाईने घेतले तर पस्तावायला लावणारे.

सगळ्यात मोठी चूक दुकानातच होते. कागदाच्या पट्टीवर मारायचं, हुंगायचं आणि दोन मिनिटांत ठरवून टाकायचं. कूरोसवर यात फार अन्याय होतो. सुरुवातीला त्यात जवादी कस्तुरीसारखा एक जनावरी दर्प येतो आणि पुष्कळांना थेट मुतारी आठवते. पण अंगावर तासभर राहू द्या. लवंग, धूप आणि मध हळूहळू वर येतात, आणि मग त्याच मनगटाकडे नाक पुन्हा पुन्हा जातं. दोन तासांनीही तो दर्पच खुपत असेल, तर मात्र सोडून द्या, सवय होईल या आशेवर बाटली घेऊ नका. ड्रकारचं उलट आहे. त्याची लिंबू-लव्हेंडरची सलामी लगेच आवडते, कारण त्यातलं डायहायड्रोमिर्सेनॉल हे वासाचं रसायन साबणांत आणि डिटर्जंटमध्ये इतकं वापरलं गेलं की आपल्याला ते ‘स्वच्छ’च वाटतं. खरा ड्रकार त्याच्या मागून येतो, कोरडा, शेवाळी, थोडा चामड्याकडे झुकणारा. तो आवडतो का, हे बघायचं.

दोन्ही एकाच दिवशी हुंगू नका. आज एक, उद्या दुसरा, एकेकच फवारा.

‘जुन्या बाटलीसारखा येत नाही, म्हणजे नकली’ हा निष्कर्षही घाईचा. या जातीच्या सुगंधांचा पाया म्हणजे ओकमॉस, आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाच्याच कुळातलं. त्यातल्या ॲट्रॅनॉल आणि क्लोरोॲट्रॅनॉलची त्वचेला ॲलर्जी होते म्हणून युरोपीय संघाने २०१७ च्या नियमाने त्यांच्यावर बंदी आणली. असे घटक गेले की सुगंधाची घडण बदलतेच. म्हणून काकांच्या कपाटातल्या बाटलीवरून नवी बाटली मागवू नका. आज जे मिळतं तेच लावून बघा.

‘दुपारपर्यंत वास उडतो’ ही तक्रार नेहमीची. बहुतेकदा वास उडालेला नसतो, आपलं नाक त्याला सरावलेलं असतं. पुन्हा फवारण्याआधी घरातल्या कुणाला तरी विचारा. त्वचा कोरडी असेल तर आधी बिनवासाचं व्हॅसलीन चोळा. बाटली बाथरूममध्ये ठेवू नका, उष्णता आणि उजेडाने सुगंध बिघडतो.

आणि हवामान विसरू नका. मे महिन्यात मुंबईच्या लोकलमध्ये कूरोसचे चार फवारे म्हणजे शेजारच्याला शिक्षा. माझं मत विचाराल तर रोजच्या ऑफिसला ड्रकार, शर्टाच्या आत छातीवर एक फवारा. कूरोस ठेवा पुण्या-नाशिकच्या डिसेंबरातल्या संध्याकाळींसाठी. थंडीत तो अंगाजवळ राहतो आणि त्यातला मध खऱ्या अर्थाने कळतो.