धुई, ऊन आणि धावपट्टी: पूर्व विदर्भात विमान शिकताना

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी डीजीसीए (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) हवामानशास्त्राची जी परीक्षा घेते, त्यात उत्तीर्ण होण्यासाठी ७० टक्के गुण लागतात. ते मिळवून मी पूर्व विदर्भातील एका लहान विमानतळावर प्रशिक्षणासाठी आलो, तेव्हा मेटार, म्हणजे विमानतळाचा हवामान अहवाल, वाचता आला म्हणजे हवामान कळले अशी माझी समजूत होती. वारा, दृश्यमानता, ढग, तापमान, दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतील वाफेचे पाणी होऊ लागते) आणि क्यूएनएच (समुद्रसपाटीच्या हिशेबाने हवेचा दाब) यांचे आकडे त्यात असतात, परंतु ते निरीक्षणाच्या क्षणाचे असतात आणि आपण हवेत असतो ते त्यानंतरच्या तास-दोन तासांत. हे मधले अंतर कसे ओळखायचे, ते नव्याने येणाऱ्यांना माझ्याहून लवकर कळावे, म्हणून हे लिहीत आहे.

पहिला हिवाळा संपत आला होता. उन्हाळी धानासाठी कालव्याचे पाणी नुकतेच सुटले होते आणि विमानतळाभोवतीच्या बांध्या (धानाची बांध घातलेली शेते) ओल्या झाल्या होत्या. आदल्या संध्याकाळी फाटकावरचे काका म्हणाले होते, "नहराले पानी सुटलं, सकारी धुई बसन जी." धुई म्हणजे धुके. मी मान डोलावली आणि विसरून गेलो. सकाळी तापमान ११, दवबिंदू १०, वारा शांत आणि दृश्यमानता ५,००० मीटर होती, म्हणजे नियमाने उड्डाणाला पुरेशी. सूर्योदयानंतर लगेच मी सेसना १७२ घेऊन एकट्याने सर्किटसाठी, म्हणजे विमानतळाभोवतीच्या फेऱ्यांसाठी, निघालो. दुसऱ्या फेरीत धावपट्टीचे पूर्वेकडचे टोक दिसेनासे झाले आणि तिसऱ्या फेरीपर्यंत खाली केवळ पांढरा थर उरला, त्यातून पाण्याच्या टाकीचा माथा तेवढा वर आलेला दिसत होता.

सूर्य वर आला की धुके विरते, असे मी गृहीत धरले होते. ते खरे आहे, पण त्याआधीचा टप्पा मला ठाऊक नव्हता. निरभ्र, निवांत रात्री जमीन उष्णता गमावते आणि तिला लागून असलेली दमट हवा दवबिंदूपर्यंत थंड होते. सूर्योदयानंतर जमीन किंचित तापली की खालच्या थरात हलकी घुसळण सुरू होते आणि तळाशी पातळ पसरलेली धुई वर उचलली जाऊन अधिक दाट होते. त्यामुळे सूर्योदयानंतरचा पहिला तास पहाटेपेक्षाही वाईट निघू शकतो. प्रशिक्षक सरांनी रेडिओवरून मला उत्तरेच्या कोरड्या माळरानावर उंची राखून थांबायला सांगितले, उरलेले इंधन विचारले आणि कोणत्या वेळेला वाट पाहणे सोडून नागपूरकडे वळायचे, ती वेळही ठरवून दिली. त्या वेळेच्या वीस मिनिटे आधी धावपट्टी पूर्ण दिसू लागली आणि मी उतरलो.

तेव्हापासून मी रोज संध्याकाळी सहाला आणि पहाटे पाचला तापमान व दवबिंदू यांतील फरक वहीत लिहीत आलो आहे, आणि त्यापुढे वारा, आकाश आणि आजूबाजूच्या शेतांची स्थिती. हे काम कंटाळवाणे आहे, तरीही पहिल्याच आठवड्यात सुरू करावे असे माझे ठाम मत आहे. संध्याकाळी फरक कमी, आकाश मोकळे, वारा तीन-चार नॉटच्या आत आणि बांध्यांत पाणी, एवढे जुळले तर पहाटेचे सोलो उड्डाण मी आजही नऊनंतर ढकलतो.

उन्हाळ्याचा प्रश्न वेगळा आहे आणि तो डोळ्यांना दिसत नाही. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, ४५ अंश तापमान आणि १००३ क्यूएनएच असताना, सुमारे १,००० फूट उंचीच्या विमानतळाची प्रेशर अल्टिट्यूड (हवेच्या दाबावरून काढलेली उंची) १,३०० फूट होते. तिथले प्रमाण तापमान साधारण साडेबारा अंश, म्हणजे फरक साडेबत्तीस. दर अंशाला १२० फूट धरले तर डेन्सिटी अल्टिट्यूड (हवेच्या विरळपणावरून काढलेली उंची) सुमारे ५,२०० फुटांवर जाते. कळसूबाईचे शिखर ५,४०० फूट उंच आहे, यावरून इंजिनाला आणि पंखांना किती विरळ हवा मिळते याचा अंदाज येईल. धावण्याचे अंतर वाढते आणि चढण मंदावते. उतरताना जमीन वेगाने सरकताना दिसते, म्हणून नवखा विद्यार्थी वेग कमी करू पाहतो; तेव्हा नजर वेगदर्शकावरच ठेवावी, कारण दर्शवलेला वेग नेहमीचाच ठेवायचा असतो. दुपारी वावटळी उठतात, त्या धूळ नसेल तर दिसतही नाहीत. यासाठी मे महिन्यात उड्डाणे सकाळीच उरकलेली बरी.

अवकाळीच्या दिवसांत दुपारनंतर उभे वाढणारे ढग दिसले, तर गडगडाट ऐकू येण्याची वाट पाहू नये. वादळातून खाली कोसळणारी थंड हवा जमिनीवर पसरत वीस-पंचवीस किलोमीटर पुढे येऊ शकते आणि डोक्यावर ऊन असताना विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) एकाएकी उलटा फिरतो. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचे अंदाज आणि रडारचे चित्र पाहावेच. विजांसाठी दामिनी ॲपही उपयोगी पडते. पावसाळ्यात मात्र ढगांचा तळ १,५०० फुटांखाली असला की सर्किट बंदच असते. तो काळ अभ्यासाला द्यावा.

आणखी एक काम पहिल्याच दिवशी करता येते. ॲप्रनवर (विमाने उभी करण्याच्या जागेवर) उभे राहून चारही दिशांना कायमच्या खुणा निवडाव्यात: राइस मिलचे धुराडे, पाण्याची टाकी, दूरची टेकडी. नकाशावर त्यांची अंतरे मोजून वहीत लिहावीत. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळतात आणि त्याचा धूर वारा नसलेल्या सकाळी खालच्या थरातच अडकतो. अहवालातील दृश्यमानता तासापूर्वीची असू शकते. पाच किलोमीटरवरची टेकडी दिसत नसेल, तर विमानाकडे जाण्यापूर्वी मनोऱ्याकडून ताजे निरीक्षण मागून घ्यावे.