कालकुपीचा कायदा करताय? या चुका टाळा

राष्ट्राच्या मोठ्या वर्धापनदिनी कालकुपी, म्हणजे पुढच्या पिढ्यांनी उघडायची आठवणींची बंद पेटी, ठेवण्याचं विधेयक बहुतेक वेळा बिनविरोध मंजूर होतं. म्हणूनच मसुदा घाईत लिहिला जातो. झाकण लावण्याच्या सोहळ्यावर चार परिच्छेद, पुढच्या दोनशे वर्षांवर अर्धी ओळ.

सगळ्यात महाग चूक म्हणजे कुपी उघडायची कुणी, हे न लिहिणं. 'योग्य वेळी उघडावी' या तरतुदीची जबाबदारी कुणावरच येत नाही. अमेरिकेच्या २५०व्या वर्धापनदिनासाठी तिथल्या संसदेपुढे, म्हणजे काँग्रेसपुढे, आलेल्या कालकुपी विधेयकात हे नेमकं साधलंय: ४ जुलै २२७६ ही तारीख, आणि कुपी २४४व्या काँग्रेसच्या, म्हणजे तेव्हाच्या संसदेच्या, हाती द्यायची. सांभाळायची आर्किटेक्ट ऑफ द कॅपिटॉल या, संसद भवनाची देखभाल करणाऱ्या कार्यालयाने. व्यक्ती जातात, समित्या विसर्जित होतात. म्हणून जबाबदारी कायम राहणाऱ्या पदावर टाकायची. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठात १९३९ मध्ये सायक्लोट्रॉन (अणुकणांना वेग देणारं यंत्र) बांधताना १८ टनी चुंबकाखाली कुपी ठेवली, पन्नास वर्षांनी काढायची म्हणून. मुदत भरली तेव्हा कुणाला आठवणही नव्हती, आणि चुंबक हलवणार कोण?

दुसरी चूक, 'पुरावी' असं कायद्यातच लिहून टाकणं. अमेरिकेतल्या तुल्सा शहराने १९५७ मध्ये ओक्लाहोमा राज्याच्या पन्नाशीनिमित्त नवीकोरी प्लिमथ बेल्व्हेडिअर गाडी काँक्रीटच्या तळघरात पुरली. २००७ मध्ये तळघर उघडलं तर आत पाणी, आणि गाडीचा गंजून सांगाडा झालेला. तिच्यासोबतच्या बंद पोलादी नळकांड्यातले कागद मात्र शाबूत निघाले! तुल्साने १९९८ मध्ये पुढची गाडी जमिनीवरच्या कोठडीत ठेवली. कायद्याने आतलं सामान कोरडं आणि हवाबंद राहिलं पाहिजे एवढंच मागावं. जागा आणि धातू अभिलेखागारातल्या जाणकारांवर सोडावं.

आत काय ठेवायचं हे एकाच पक्षाने ठरवलं, तर कुपीचं आयुष्य पुढच्या निवडणुकीपुरतं. स्वातंत्र्याच्या पंचविशीनिमित्त इंदिरा गांधींनी १५ ऑगस्ट १९७३ रोजी लाल किल्ल्याच्या आवारात कालपात्र, म्हणजे कालकुपीच, पुरलं. आतल्या इतिहासावरून वाद पेटला आणि १९७७ मध्ये सत्तेवर आलेल्या जनता सरकारने ते उकरून काढलं. वर उल्लेखलेल्या अमेरिकी विधेयकात निवडीचा अधिकार दोन्ही सभागृहांतल्या दोन्ही पक्षांच्या नेत्यांच्या कार्यालयांना मिळून दिलाय. त्यातून निघणारं सामान जरा बेचव असेल, पण टिकेल.

बंद होईपर्यंतच्या पहाऱ्याचाही विचार हवा. ४ जुलै १९७६ रोजी, अमेरिकेच्या द्विशताब्दीला, तिथल्या व्हॅली फोर्ज इथे नागरिकांच्या दोन कोटींहून अधिक सह्यांची कुपी राष्ट्राध्यक्ष फोर्ड बंद करणार होते. त्याआधीच ती गाडीतून चोरीला गेली.

पेन ड्राइव्ह, रबर आणि वर्तमानपत्राचा आम्लयुक्त कागद यांना आत जागा देऊ नका. हे मात्र नियमांत लिहा, कलमात नको.

कायदा आधीच झालाय आणि त्यात उघडणाऱ्याचं नाव राहून गेलंय? मग सोहळ्याआधी एका ओळीची दुरुस्ती आणा. तेवढा वेळ नसेल तर जागेचा नकाशा, सामानाची यादी आणि उघडण्याची तारीख यांच्या प्रती राष्ट्रीय अभिलेखागारात, संसदेच्या ग्रंथालयात आणि कुपी असलेल्या इमारतीच्या देखभाल कार्यालयात ठेवा. जमीन खणणारा कंत्राटदार शेवटी याच तिसऱ्या ठिकाणी चौकशी करतो.