सागरी चपट्या कृमीची चेतासंस्था पाहताना या चुका टाळा

गोड्या पाण्यातल्या प्लॅनेरिया या चपट्या कृमीवर हात बसलेला माणूस पॉलिक्लॅडकडे, म्हणजे सागरी चपट्या कृमीकडे, वळला की जुन्याच सवयी नडतात. दोन्ही चपटे, दोन्हींना डोळ्यांचे ठिपके. साम्य जवळपास इथेच संपते.

पहिला घोटाळा उचलताना होतो. चिमट्यात धरला की कागदासारखी पातळ कड फाटते, चिकट स्राव सुटतो आणि त्रासलेला प्राणी अक्षरशः विरघळू लागतो. मऊ कुंचल्याने कड सोडवा किंवा गाळणकागदावर त्याला आपणहून चढू द्या. एका भांड्यात एकच ठेवा. हातमोजे हवेतच, कारण प्लॅनोसेरा या पॉलिक्लॅडच्या काही जातींत टेट्रोडोटॉक्सिन असते, म्हणजे पफर माशातलेच विष.

खरे नुकसान भूल देताना होते. नेहमीचे द्रावण म्हणजे ७.५ टक्के मॅग्नेशियम क्लोराइड, तेवढ्याच समुद्राच्या पाण्यात मिसळलेले. हे ७.५ टक्के हेक्साहायड्रेटचे, म्हणजे स्फटिकात पाणी धरलेल्या क्षाराचे, आहेत: १ लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात ७५ ग्रॅम. बाटलीवर ‘निर्जल’ असेल तर साधारण ३५ ग्रॅमच घ्या. निर्जल क्षार ७५ ग्रॅम टाकला तर द्रावण दुपटीहून खारट होते, कृमी पाणी गमावून आक्रसतो आणि पुढे चेतारज्जू नागमोडी दिसतात. मग दोष उगाच रंगाला दिला जातो.

भूल चढली की नाही, हे घड्याळावर ठरवू नका. कृमीला कुंचल्याने उलटा करा. जागा असेल तर कड वळवून तो सुलटा होतो. पाठीवर निपचित राहिला तरी कडेला एकदा स्पर्श करून पाहा. ती हलली तर आणखी थांबा, कारण शरीरभर पसरलेले चेताजाळे अजून जागे आहे.

हेच जाळे मेंदू काढण्याच्या प्रयोगातही फसवते. मेंदू काढलेला नोटोप्लॅना (हाही एक पॉलिक्लॅड) अन्न पकडून तोंडाकडे नेतो. पोट भरल्यावर थांबणे मात्र त्याला जमत नाही. म्हणून ‘हालचाल आहे, म्हणजे मेंदू राहिला’ असा निष्कर्ष काढू नका. उलट, पुढची कड छाटली म्हणजे मेंदू गेला असेही नाही. नोटोप्लॅनात तो कडेपासून थोडा मागे, डोळ्यांच्या पुंजक्यांजवळ, आवरणात बसलेला असतो. मेंदू नसलेल्या तुकड्याला नवे डोके फुटेल ही प्लॅनेरियाची आशाही इथे सोडा.

स्थिरीकरणात, म्हणजे ऊती टिकवण्यासाठी रसायन देताना, आकड्यांची गल्लत नेहमीची. १० टक्के फॉर्मॅलिन म्हणजे सुमारे ४ टक्के फॉर्माल्डिहाइड: १ भाग बाटलीतले मूळ संपृक्त फॉर्मॅलिन, ९ भाग समुद्राचे पाणी. मोठ्या जाती गाळणकागदासकट गोठवलेल्या फॉर्मॅलिनवर सरकवल्या की सपाट राहतात. द्रवात टाकल्या तर गुंडाळी होते, आणि ती नंतर उलगडत नाही.

प्रतिपिंडाने (ठरावीक रेणूला चिकटणाऱ्या प्रथिनाने) रंगवताना कडेचे जाळे झळकले आणि मेंदू कोरा राहिला, तर बहुधा आवरणाने प्रतिपिंड अडवले आहे. अख्ख्या नमुन्याला एक रात्र अपुरी पडते. ट्रायटनमध्ये (पेशीपटल सच्छिद्र करणाऱ्या डिटर्जंटमध्ये) जास्त वेळ मुरू द्या आणि प्राथमिक प्रतिपिंड, म्हणजे चेतापेशीतल्या रेणूला चिकटणारे, ४ अंश सेल्सिअसवर २-३ दिवस ठेवा. तरीही कोरा राहिला तर जाड काप घ्या. सोबत प्राथमिक प्रतिपिंड न घातलेला एक नमुना चालवाच. स्रावी ग्रंथी दुय्यम प्रतिपिंड, म्हणजे प्राथमिकाला चिकटून रंग दाखवणारे, धरून ठेवतात आणि त्यांचे ठिपके हुबेहूब चेतापेशींसारखे दिसतात.